अकरावीचे विषय आणि पुढची दारे

दहावीचा निकाल लागला की महाराष्ट्रातील घराघरांत टक्क्यांची आणि महाविद्यालयांच्या नावांची चर्चा सुरू होते. विषयांचा विचार मात्र अर्ज भरण्याच्या घटकेपर्यंत लांबणीवर पडतो. वस्तुतः महाविद्यालय कोणते यापेक्षा विषय कोणते, हाच प्रश्न अधिक दूरगामी आहे. १९७५ साली जुनी अकरावी मॅट्रिक जाऊन दहावीची शालान्त परीक्षा आली आणि ही निवड पंधरा-सोळा वर्षांच्या वयावर येऊन ठेपली. त्या वयात पुढचा व्यवसाय ठरलेला नसणे हा काही दोष नव्हे. काही न ठरवताच दारे लावून घेणे, हा दोष आहे.

कोणते दार कोणत्या विषयाने उघडते, हे आधी पाहिले पाहिजे. वैद्यकीला जीवशास्त्रावाचून प्रवेश नाही. वास्तुशास्त्राला गणित हवे. औषधनिर्माणशास्त्राला भौतिक व रसायन यांच्या जोडीला गणित किंवा जीवशास्त्र यांपैकी एक पुरते. राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत भूदलासाठी कोणत्याही शाखेची बारावी चालते. नौदल व हवाई दलाचे दार मात्र गणित आणि भौतिकशास्त्रावाचून उघडत नाही. कायद्याचा पाच वर्षांचा अभ्यासक्रम आणि सनदी लेखापालाची वाट सर्वच शाखांना मोकळी आहे.

खरी गफलत होते ती गणिताच्या बाबतीत. वाणिज्य शाखेत 'गणित' की 'चिटणिसाची कार्यपद्धती' अशी निवड पुढे येते, तेव्हा गुण सहज मिळतील या हिशेबाने अनेकजण गणिताला रामराम ठोकतात. पुढे अर्थशास्त्राची गोडी लागली, तर दिल्ली विद्यापीठाच्या अर्थशास्त्र ऑनर्सपुढे त्यांना थबकावे लागते. कला शाखेतही गणित घेण्याची मुभा आहे, हे तर कित्येक पालकांच्या गावीही नसते.

मग सर्वांनी सर्वच विषय घ्यावेत काय? तसे नव्हे. गणित आणि जीवशास्त्र दोन्ही घेणाऱ्याला दोन निरनिराळ्या प्रवेशपरीक्षांचे ओझे वाहावे लागते. त्यात एकही विषय पक्का न होण्याचा धोका असतो. तारतम्य एवढेच की, जो विषय मागाहून नव्याने आरंभता येतो तो सोडण्यास हरकत नाही. जो येत नाही तो धरून ठेवावा. राज्यशास्त्राचा श्रीगणेशा पदवीच्या पहिल्या वर्षीही करता येतो. गणिताचा येत नाही. जीवशास्त्र बारावीनंतर जादा विषय म्हणून देण्यास राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२३ मध्ये मान्यता दिली हे खरे. पण ती सवलतही वेळ आणि पैसा मागते.

येथेच प्रश्न सामाजिक होतो. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने शाखांमधील भिंती दूर करण्याचा संकल्प केला आहे. परंतु तालुक्याच्या गावी कला किंवा वाणिज्य शाखेला गणित शिकविण्याची सोयच नसेल, तर मुभा कागदावरच राहते. शहरातील मुलाला निदान सल्ला देणारा कोणी भेटतो. शेतमजुराच्या मुलीला चूक उमगते ती पदवीच्या खिडकीपाशी. अशा वेळी दोष तिच्या निवडीला देणे अन्यायाचे ठरेल.

तेव्हा प्रवेशपुस्तिकेत प्रत्येक विषयगटासमोर त्याने मोकळे राहणारे आणि बंद होणारे अभ्यासक्रम सोप्या मराठीत छापावेत, आणि प्रत्येक तालुक्यात निदान एका कनिष्ठ महाविद्यालयात तिन्ही शाखांना गणिताची सोय असावी. विद्यार्थ्याने एखादे दार स्वतःहून लावले तर तो त्याचा अधिकार आहे. ते अज्ञानाने लागू नये, ही जबाबदारी शासनाची आहे.