भोंक पाडण्याचें यंत्र कसें निवडावें?

जुन्या सुताराच्या पेटींत रंधा, पटाशी आणि करवत यांच्या जोडीस सामता असे. कमानीची दोरी त्यास गुंडाळून कमान मागेंपुढें ओढली म्हणजे तो गरगर फिरे आणि लाकडास भोंक पडे. आज त्याचें काम विजेचें ड्रिल करितें. १८८९ सालीं ऑस्ट्रेलियांतील मेलबर्न शहरीं आर्नॉट व ब्रेन या दोघांनीं विजेच्या ड्रिलचें पेटंट घेतलें. १८९५ सालीं जर्मनींतील स्टुटगार्ट येथील फाईन कारखान्यानें हातांत धरून चालविण्याचें ड्रिल तयार केलें. पुढें १९१७ सालीं अमेरिकेंतील ब्लॅक अँड डेकर कंपनीस पिस्तुलासारखी मूठ व बोटानें दाबावयाचा खटका असलेल्या यंत्राचें पेटंट मिळालें. तेंच रूप आज आपण घरोघरीं पाहतों.

आपल्या शाळेंतून बाहेर पडणारे कांहीं विद्यार्थी वायरिंगच्या, नळजोडणीच्या किंवा सुतारीच्या धंद्यांत शिरतील. त्यांच्या पहिल्या कमाईंतील बराच भाग अशा यंत्रावर खर्च होईल. दुकानांत गेल्यावर पेटीवरील वॅटचा मोठा आंकडा पुढें केला जातो, आणि मोठा आंकडा म्हणजे चांगलें यंत्र अशी नवशिक्याची समजूत होते. ही समजूत चुकीची आहे. ज्या पदार्थास भोंक पाडावयाचें, तो पदार्थ पाहून यंत्र निवडावें, हाच या बाबतींतील मुख्य नियम होय.

याचें कारण असें. लाकूड व लोखंड हीं कापलीं जातात. बिटाची धार त्यांचा कीस काढते. तेथें केवळ फिरण्याची गति व जोर पुरतो. दगड व काँक्रीट मात्र कापले जात नाहींत. ते ठोक्यानें फुटतात, आणि फिरणारें बिट त्यांचा भुगा बाहेर काढतें. म्हणून त्यांस फिरण्याबरोबर ठोकाही लागतो.

यावरून यंत्राचे तीन प्रकार झाले. पहिलें साधें ड्रिल. तें केवळ फिरतें. लाकूड, पत्रा व लोखंडी पट्टी यांस तें उत्तम. दुसरें हॅमर ड्रिल, म्हणजेच इम्पॅक्ट ड्रिल. यांत दोन दातेरी चकत्या एकमेकींवर घसरतात व बारीक ठोके देतात. हे ठोके मिनिटास कित्येक हजार असले तरी हलके असतात, आणि त्यांचा जोर कारागीर किती रेटतो यावर अवलंबून असतो. विटेच्या भिंतींत खुंटीसाठीं ६ किंवा ८ मिलिमीटरचीं भोंकें पाडण्यास तें पुरतें. तिसरें रोटरी हॅमर. याच्या पोटांत दट्ट्या असून तो कोंडलेल्या हवेच्या दाबानें ठोका देतो. ठोके संख्येनें कमी, पण प्रत्येक ठोका भारी; म्हणून तेथें हातानें रेटावें लागत नाहीं. काँक्रीटच्या खांबांत व तुळयांत ज्यास रोज भोंकें पाडावयाचीं आहेत, त्यानें हेंच घ्यावें. हॅमर ड्रिलनें तें काम दिवसभर केल्यास बिट जळतें, यंत्र तापतें आणि मनगट दुखावतें.

परंतु रोटरी हॅमर घेतलें म्हणजे सर्व कामें साधलीं असेंही नाहीं. त्यास एसडीएस नांवाच्या खांचेचें बिट लागतें. तें खांचेंत थोडें पुढेंमागें सरकतें. म्हणून लोखंडांत नेमकें भोंक पाडण्यास तें सोयीचें नव्हे. शिवाय आपल्या प्रांतांत भिंतीही एका जातीच्या नाहींत. कोंकणांत व गोव्यांत जांभ्याच्या चिऱ्यांचीं घरें आहेत. देशावरील जुने वाडे काळ्या दगडाचे आहेत. शहरांतील इमारतींचा सांगाडा काँक्रीटचा असतो. जांभा मऊ व सच्छिद्र. त्यास भारी ठोका दिल्यास भोंकाची कड ढांसळते व खुंटी सैल बसते. काळ्या दगडास मात्र रोटरी हॅमरच हवें. न्हाणीघरांतील टाईल फोडावयाची नसेल, तर टाईल पार होईपर्यंत ठोका बंद ठेवावा.

आतां गतीविषयीं. बिट जितकें जाड, तितकी गति कमी ठेवावी लागते. कारण जाड बिटाची कड एका फेऱ्यांत अधिक अंतर कापते. साध्या लोखंडांत कडेचा वेग मिनिटास सुमारें २५ मीटर धरला, तर ६ मिलिमीटरच्या बिटास मिनिटास सुमारें १,३०० फेरे आणि १२ मिलिमीटरच्या बिटास सुमारें ६५० फेरे येतात. स्टेनलेस स्टीलला याहूनही कमी. म्हणून खटक्याच्या दाबानें गति कमीजास्त होते कीं नाहीं, हें दुकानांतच पाहावें. चकांत कमाल किती जाडीचें बिट बसतें, १० मिलिमीटरचें कीं १३ मिलिमीटरचें, हेंही विचारावें.

बॅटरीचें यंत्र शिडीवर किंवा वीज न आलेल्या नव्या इमारतींत फार सोयीचें. त्याचा सांठा व्होल्ट व अँपिअर-तास यांच्या गुणाकारानें कळतो: १८ व्होल्ट आणि ४ अँपिअर-तास म्हणजे ७२ वॅट-तास. एक बॅटरी भरत असतां दुसरी हाताशीं हवी, हा खर्च आधींच हिशेबांत धरावा.

शेवटीं जिवाची काळजी. जाड बिट अडकलें म्हणजे यंत्र स्वतःच उलट फिरूं पाहतें व मनगट पिरगळतें. म्हणून बाजूची मूठ लावल्यावांचून असें काम करूं नये. डोळ्यांस चष्मा असावा. मात्र फिरत्या बिटाजवळ सैल बाही किंवा हातमोजे नसावेत. स्विचच्या सरळ वर-खालीं भिंतींत तारा असण्याचा संभव असतो. तेथें भोंक पाडूं नये. यंत्रावर चौकोनांत चौकोन अशी खूण असल्यास त्याचें विद्युतरोधन दुहेरी आहे असें समजावें.

तेव्हां, विद्यार्थिमित्रहो, दुकानांत जाण्यापूर्वीं एका कागदावर आपण महिनाभरांत कोणत्या पदार्थांत, किती जाडीचीं व किती भोंकें पाडणार तें लिहून काढा. त्यांत काँक्रीट अधिक असेल तर रोटरी हॅमर, वीट अधिक असेल तर हॅमर ड्रिल, आणि लाकूड-लोखंडच असेल तर साधें ड्रिल घ्या. क्वचित् लागणारें मोठें यंत्र भाड्यानेंही मिळतें. त्यासाठीं पहिली कमाई अडकवूं नये. उरलेल्या पैशांत चांगलीं बिटें व डोळ्यांचा चष्मा घ्या. बोथट बिट लावलेलें महाग यंत्र धार असलेल्या बिटाच्या साध्या यंत्रापुढें टिकत नाहीं, हें पहिल्याच दिवशीं तुमच्या प्रत्ययास येईल.