सूत्र खरं, मग मोटर का जळते?

कराडपासून सांगलीपर्यंत कृष्णाकाठचा ऊस मोटरच्या पाण्यावर उभा आहे. व्होल्टेजला करंटने भागलं की रोध मिळतो आणि गुणलं की पॉवर, ही दोन सूत्रं शाळेत सगळेच शिकतात. सूत्रं खरी आहेत. ती कुठे आणि कशी लावायची, यात मात्र गफलत होते आणि तिची किंमत शेतकऱ्याला रिवायंडिंगच्या बिलात मोजावी लागते.

गैरसमज : व्होल्टेज उतरलं की मोटर करंटही कमी घेते.
वस्तुस्थिती : हे हीटरच्या बाबतीत खरं आहे. 230 व्होल्टवर 1000 वॉट देणाऱ्या हीटरचा रोध सुमारे 53 ओहम असतो आणि तो फारसा बदलत नाही. व्होल्टेज 184 वर आलं की करंट 4.35 वरून 3.5 अँपिअरवर येतो आणि पॉवर 640 वॉटवर. मोटरचं तसं नाही. तिला पाणी तेवढंच उचलायचं असतं, म्हणून व्होल्टेजची कसर ती करंट वाढवून भरून काढते. 415 व्होल्टवर 8 अँपिअर घेणारी मोटर 330 व्होल्टवर ढोबळमानाने 10 अँपिअर घेते. वायंडिंगमधली उष्णता करंटच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, म्हणजे इथे ती दीडपटीहून जास्त होते.

गैरसमज : व्होल्ट गुणिले अँपिअर म्हणजे मोटरचे वॉट.
वस्तुस्थिती : थ्री-फेज मोटरसाठी या गुणाकाराला आणखी 1.73 ने आणि पॉवर फॅक्टरने गुणावं लागतं. 415 व्होल्ट, 8.1 अँपिअर आणि 0.8 पॉवर फॅक्टर धरला तर मोटर सुमारे 4,660 वॉट ओढते. पाच एचपी म्हणजे 3,730 वॉट, पण ती शाफ्टवर मिळणारी ताकद झाली. उरलेली वीज मुख्यतः उष्णतेत जाते.

गैरसमज : मीटरने वायंडिंगचे ओहम मोजले की करंट काढता येतो.
वस्तुस्थिती : मीटर फक्त तारेचा रोध दाखवतो आणि तो अगदी थोडा असतो. चालू मोटरमध्ये चुंबकीय क्षेत्रामुळे उलट दिशेने व्होल्टेज तयार होतं आणि तेच करंटला आवर घालतं. मोटर जाम झाली की हा आवर सुटतो आणि करंट कित्येक पटींनी वाढतो. चालू मोटरचा करंट क्लॅम्प मीटरनेच मोजावा.

गैरसमज : केबल बारीक घेतली तर पैसे वाचतात.
वस्तुस्थिती : 4 चौरस मिलिमीटर तांब्याच्या केबलचा रोध किलोमीटरला सुमारे 4.6 ओहम असतो. नदीपासून 300 मीटर केबल ओढली तर 8 अँपिअरला जवळजवळ 19 व्होल्ट वाटेतच जातात. दुप्पट छेदक्षेत्राची, म्हणजे 8 चौरस मिलिमीटरची तार असती तर ही घट निम्मी झाली असती. सातारा जिल्ह्यातल्या कोयना प्रकल्पाची वीज 220 आणि 400 किलोव्होल्टवर बाहेर पाठवतात, त्यामागेही हेच गणित आहे. व्होल्टेज दहापट केलं की तेवढ्याच पॉवरला करंट दहावा हिस्सा लागतो आणि त्याच तारेतली गळती शंभरावा हिस्सा होते.

गैरसमज : फ्यूज सारखा उडत असेल तर जाड तार टाकावी.
वस्तुस्थिती : त्याने फ्यूज टिकतो आणि वायंडिंग जातं. स्टार्टरमधला ओव्हरलोड रिले मोटरच्या पाटीवरच्या अँपिअरइतकाच लावावा.

मोटर चालू असताना इलेक्ट्रिशियनकडून तिन्ही फेजचं व्होल्टेज आणि करंट मोजून घ्या आणि आकडे पाटीशी ताडून पाहा. व्होल्टेज कमी आणि करंट जास्त दिसला, तर मोटर तेव्हाच बंद करा.