नरकद्वारातील सायकलफेरी

आपला सह्याद्री ज्या लाव्हारसाचा बनला तो सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच थिजला. पायाखालचा खडक अजून तापलेला आहे असा मुलूख पाहायचा, तर केनियातील नैवाशा सरोवराजवळचे ‘हेल्स गेट’, म्हणजे नरकद्वार, पाहावे. हे राष्ट्रीय उद्यान १९८४ साली झाले. सिंह-हत्तींचा येथे सहसा वावर नाही, म्हणून सायकलीला मोकळीक आहे. आम्ही भाड्याच्या सायकलींवर निघालो. झेब्रे मान वर करून पाहत व पुन्हा चरू लागत. रानरेड्यांना मात्र आम्ही लांबूनच वळसा घातला.

वाटेवरचा फिशरचा सुळका म्हणजे ज्वालामुखीच्या नळीत थिजलेले बूच. भोवतालचा मऊ खडक झिजून गेला, बूच उरले. पलीकडे ओल्कारियाला जमिनीत मुरलेले पाणी तप्त खडकाला भिडून वाफ होते. तिच्यावर १९८१ पासून वीज निघते.

पुढे सायकल ठेवून घळीत उतरायचे. ही घळ पाण्यानेच कोरली आहे. दूरच्या डोंगरावर पाऊस झाला, की येथे आभाळ कोरडे असतानाही लोंढा येतो. २०१२ साली सात माणसे वाहून गेली, २०१९ साली पुन्हा सात. त्यांत एक वाटाड्याही होता.

आमच्या वाटाड्याने ढग पाहून उतरायला नकार दिला. सोबतचे एकजण कुरकुरले. आम्ही त्याचा रोज पुरता चुकता केला. धोका आहे असे सांगणाऱ्या कामगाराची मजुरी कापली, तर पुढच्या वेळी तो गप्प बसेल.