चौक चुकतो कुठे?

आमच्या घराजवळचा चौक काही वर्षांपूर्वी नव्याने बांधला, आणि पहिल्याच पावसात तिथे पाणी तुंबले. शेजारच्या काकूंची स्कूटर त्या पाण्यात घसरली, मनगट मोडले. मी अभियंता नाही. पण दोन चांगले रस्ते भेटतात नेमके तिथेच का बिघडतात, हा प्रश्न पाठ सोडीना. म्हणून घरच्या संगणकावर रस्त्याची प्रतिकृती उभी करायला शिकलो.

सॉफ्टवेअरमधला रस्ता तीन गोष्टींचा बनतो: वरून दिसणारी मध्यरेषा, तिच्यावरचे चढउतार दाखवणारा लांबछेद, आणि रुंदी व बाजूचा उतार सांगणारा आडवा छेद. सिव्हिल थ्रीडीसारखा प्रोग्राम हा आडवा छेद मध्यरेषेवर ठरावीक अंतराने मांडतो आणि मधली जागा सरळ रेषांनी जोडतो. अशा उभ्या केलेल्या रस्त्याला तिथे ‘कॉरिडॉर’ म्हणतात. एकेकटा रस्ता निर्दोष दिसतो. दोष भेटीच्या जागी उघडा पडतो, म्हणून आपण चौकातच खाडाखोड करत बसतो. मीही तीनदा चौक मोडून पुन्हा मांडला. मग कळले की शोध मागे न्यावा लागतो, आणि तोही क्रमाने.

पहिले पाहायचे ते मोजणीकडे. यूटीएम पद्धतीत महाराष्ट्राचा बहुतेक भाग 43व्या पट्ट्यात येतो. 78 अंश रेखांशाच्या पूर्वेला, वर्धा-नागपूरकडे, 44वा पट्टा लागतो. पट्टा चुकला तर रस्ता शेकडो किलोमीटर दूर जाऊन पडतो. ती चूक लगेच दिसते. लपून राहते ती प्रमाणाची. पट्ट्याच्या मध्यावर, 43व्या पट्ट्यात 75 अंश रेखांशावर, प्रमाण 0.9996 धरलेले असते. म्हणजे जमिनीवरचा 1 किलोमीटर नकाशात सुमारे 40 सेंटिमीटर कमी भरतो. एक रस्ता यूटीएमवर आणि दुसरा जमिनीवरच्या अंतरांनी आखला असेल, तर 5 किलोमीटरवर 2 मीटरांची तफावत पडते. मध्यरेषा ओढून ती मिटत नाही. पुढच्या चौकात जाते.

दुसरी गोष्ट उंची. मुख्य रस्ता मध्ये उंच आणि कडांना उतरता असतो. 3.5 मीटरच्या मार्गिकेला 2.5 टक्के उतार दिला, तर कड मध्यापेक्षा 8.75 सेंटिमीटर खाली असते. उपरस्त्याचा लांबछेद मध्यावर मुख्य रस्त्याच्या उंचीला भिडला पाहिजे आणि तिथून त्याच उताराने कडेपर्यंत आला पाहिजे. पुष्कळदा तो मध्याची उंची धरून सपाट येतो, आणि कडेला 8.75 सेंटिमीटरची पायरी उरते. कधी सुरुवातीला सारे जुळलेले असते, पण पुढे मुख्य रस्त्याची लेव्हल बदलते. दोन लांबछेद एकमेकांना बांधलेले नसतील, तर उपरस्त्याला त्याची खबरही नसते.

तिसरी गोष्ट छेदांमधले अंतर. कोपऱ्याचे वळण 9 मीटर त्रिज्येचे असेल, तर काटकोनात त्याची लांबी जेमतेम 14 मीटर भरते. छेद दर 20 मीटरवर मांडले, तर वळणाची फक्त दोन टोके हाती लागतात आणि मधली कड सरळ जोडली जाते. मधोमध ती खऱ्या वळणापासून 2.6 मीटर सरकते. इथे आखणी बिघडलेली नसतेच. वळणापुरते अंतर अर्धा-एक मीटर केले की कड जागेवर येते.

हा क्रम उलटा केला तर श्रम वाया जातात. मोजणी चुकलेली असताना उंची जुळवणे म्हणजे पाया न पाहता भिंतीला गिलावा करणे.

एका रविवारी पहाटे, वाहने सुरू होण्याआधी, ओळखीच्या गवंड्याला घेऊन मी आमच्या चौकात पाणसळ लावली. मुख्य रस्त्याचा मध्य आणि उपरस्त्याचे तोंड जवळजवळ एकाच पातळीत निघाले. मुख्य रस्त्यावरचे पाणी कडेला येत होते आणि तिथे त्याला बांध आडवा होता. पडद्यावर जी पायरी एका आकड्याने मोडता आली असती, ती जमिनीवर डांबराखाली कायमची झाली होती. काकू आता त्या चौकात स्कूटरवरून उतरतात आणि ती हाताने ढकलत नेतात.