'लुटणे' : गेलेला अर्थ, राहिलेला अर्थ

इंग्रजीतले 'लूट' हे क्रियापद आपल्याकडून गेले, हे अनेकांना ठाऊक असते. संस्कृत 'लुण्ठ्' म्हणजे लुबाडणे. कोशकार हिंदी 'लूटना'चे नाव घेतात. मराठीने रुसायचे कारण नाही, धातू एकच. युल आणि बर्नेल यांच्या 'हॉब्सन-जॉब्सन' कोशात (१८८६) त्याची नोंद आहे. १८४१चे चीन युद्ध, क्रिमियाचे युद्ध आणि १८५७ या दरम्यान तो खुद्द इंग्लंडात रुळला, असे ते सांगतात.

शब्द गेला तो फौजेबरोबर. १७९९मध्ये श्रीरंगपट्टण पडल्यावर शहर लुटणाऱ्या काहींना आर्थर वेलस्लीने फासावर चढवले. टिपूचा खजिना मात्र हुद्द्याप्रमाणे वाटला गेला आणि त्याला 'प्राइझ' म्हटले गेले. (हाच वेलस्ली १८०३मध्ये आमच्याकडे असईला लढला.) हिसकावून घेणे, एवढाच अर्थ इंग्रजीत पोचला.

पडेगावात संक्रांतीनंतर बायका एकमेकींना विचारतात, "यंदा काय लुटलं?" उत्तर येते, "कुंकवाच्या डब्या." म्हणजे त्या वाटल्या. दरोडेखोर पैसे लुटतो तेव्हा वस्तू कर्त्याकडे येते. बाई वाण लुटते तेव्हा ती कर्त्याकडून जाते. क्रियापद तेच, रूपही तेच! माझा तर्क असा, की मूळ प्रयोग 'लुटवणे', म्हणजे दुसऱ्याला लुटू देणे, हा असावा आणि बोलता बोलता त्यातला 'व' गळला असावा. बोरन्हाणात ही क्रिया डोळ्यांनी दिसते : बाळाच्या डोक्यावरून बोरे, चुरमुरे ओतायचे आणि भोवतालच्या पोरांनी ते लुटायचे. ओतणाऱ्याची त्याला संमती असते, नव्हे, हौस असते. 'आनंद लुटणे'तही कुणाचे काही जात नाही. छावणीतल्या गोऱ्याच्या कानी हे पडले नसावे. हळदीकुंकवाला त्याला कोण बोलावणार?

दसऱ्याच्या कथेत दोन्ही अर्थ शेजारी येतात. कौत्साला गुरुदक्षिणेसाठी चौदा कोटी मोहरा हव्या होत्या. रघूच्या धाकाने कुबेराने आपट्यावर सोने बरसले. कौत्स जास्त घेईना, रघू उरलेले परत घेईना. मग ते लोकांनी लुटले. आपण पाने देतो-घेतो आणि त्याला 'सोने लुटणे' म्हणतो. त्याच दिवशी सीमोल्लंघन करून मराठी फौजा मुलूखगिरीला निघत. तिथली लूट वेगळी असे. लुटल्या जाणाऱ्या गावाला तिथे कुणी विचारत नसे.