जंतूंची आणेवारी

मानवत हे परभणी जिल्ह्यातील कापसाच्या बाजारपेठेचे गाव. इथे दिवाळी येते ती बोंडे फुटण्याच्या सुमारास; त्यामुळे पाडव्याच्या गप्पांतही निम्मा वेळ भावात आणि उरलेला गुलाबी बोंडअळीत जातो. शहरवासी वाचकांना या अळीची ओळख नसेल. परंतु त्यांच्या घरातील औषधांच्या कपाटाशी तिचे जवळचे नाते आहे, म्हणून तिच्यापासूनच प्रारंभ करतो.

या अळीला मारणारे विष अंगातच बाळगणारी बीटी कपाशी २००२ साली आपल्याकडे आली. २००६ साली दोन विषांची कपाशी आली. आणि २०१७ च्या हंगामात अळीने दोन्ही विषे पचवून महाराष्ट्रातील शेतकऱ्याच्या तोंडचा घास काढून घेतला. यात अळीची हुशारी काही नाही. विषाने मेल्या त्या मेल्या. ज्या थोड्या तगल्या त्यांचाच वंश वाढला, इतकेच.

रोगजंतूंचे नेमके हेच चालले आहे. ज्यांना आपण घरोघर ‘अँटिबायोटिक’ म्हणतो, त्या प्रतिजैविकांत पेनिसिलीनचा मान मोठा. ते शोधून काढणाऱ्या अलेक्झांडर फ्लेमिंगने १९४५ साली नोबेल पारितोषिकाच्या व्याख्यानातच बजावले होते, की अपुरी मात्रा दिली तर जंतू मरत नाहीत, उलट औषधाला तोंड द्यावयास शिकतात. आपण मात्र उरलेल्या गोळ्या डबीत जपून ठेवतो आणि पुढच्या खेपेला, घसा कोणाचाही असो, त्यातल्या दोन काढून देतो. २०१९ या एका वर्षात औषधांना न जुमानणाऱ्या जंतूंमुळे जगात सुमारे १२ लाख ७० हजार माणसे दगावली, असा तज्ज्ञांचा अंदाज आहे.

आता शत्रू असा निर्ढावला म्हणजे त्याच्यावर पाळत ठेवणे आले. अळीवर ती कशी ठेवतात पाहा. शेतात कामगंध सापळे टांगतात. मादीच्या गंधाला भुलून नर पतंग त्यात येऊन अडकतात. सलग तीन रात्री एका सापळ्यात आठ-आठ पतंग सापडले, की उपाय करण्याची वेळ आली असे समजावे. २००८ च्या खरिपात सोयाबीनवर अळ्यांनी धाड घातली, तेव्हा सरकारने धडा घेतला आणि २००९ पासून ‘क्रॉपसॅप’ नावाची योजना चालू केली. शेतातील किडींची मोजदाद संगणकावर चढते, कृषी विद्यापीठातील तज्ज्ञ ती वाचतात आणि काय करावे याचा संदेश शेतकऱ्याच्या खिशातील फोनवर येतो. जावयाची खबर घेतली जाणार नाही इतक्या अगत्याने अळीची घेतली जाते!

जंतूंसाठीही असे जाळे आहे. रुग्णाचे रक्त वा लघवी प्रयोगशाळेत गेली, की तीतील जंतू एका चपट्या काचपात्रात वाढवतात आणि त्यावर निरनिराळ्या औषधांच्या कागदी टिकल्या ठेवतात. रात्र उलटल्यावर पाहावे, तर जे औषध लागू पडते त्याच्या टिकलीभोवती जंतू नाहीसे होऊन स्वच्छ वर्तुळ उमटलेले असते. जे निष्प्रभ, त्याच्या टिकलीला जंतू खेटून बसलेले. हे वर्तुळ मिलिमीटरमध्ये मोजून संगणकात नोंदवतात. त्यासाठी बोस्टनच्या एका रुग्णालयातील थॉमस ओब्रायन आणि जॉन स्टेलिंग या डॉक्टरांनी १९८९ साली ‘हूनेट’ ही प्रणाली सिद्ध केली. ती विनामूल्य आहे, आणि आपल्या राष्ट्रीय रोग नियंत्रण केंद्राच्या जाळ्यातही तीच वापरतात. एकाच वॉर्डात एकाच वळणाचे जंतू अचानक जास्त दिसू लागले, तर असा पुंजका हुडकून काढण्याची सोयही तिला जोडलेली आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचे दुसरे जाळे २०१३ पासून आहे. त्यात मुंबईचे हिंदुजा रुग्णालय आहे, सेवाग्रामचे वैद्यकीय महाविद्यालय आहे. या जाळ्याची संगणक-प्रणाली कोणाच्या साहाय्याने झाली? दिल्लीच्या कृषी सांख्यिकी संशोधन संस्थेच्या! पिकांचे हिशेब मांडणाऱ्यांकडेच जंतूंची आणेवारी आली.

अशा नोंदींचे मोल काय, ते हिंदुजातील डॉक्टरांनी दाखवून दिले आहे. २००९ च्या ऑगस्ट ते नोव्हेंबरमध्ये, अखेरचा उपाय मानलेल्या कार्बापेनेम औषधांना न जुमानणारे २४ जंतू त्यांना आढळले. पैकी २२ जणांत ‘एनडीएम-१’ हे नवे जनुक होते. हे त्यांनी २०१० च्या मार्चमध्ये छापून प्रसिद्ध केले. पुढे ऑगस्टमध्ये ‘लॅन्सेट’ने तीच गोष्ट जगापुढे मांडली, तेव्हा जनुकाला दिल्लीचे नाव का दिले यावरच आपल्याकडे अधिक रण माजले. असो.

माझी तक्रार निराळी आहे. ही जाळी मुख्यतः वैद्यकीय महाविद्यालये आणि मोठी रुग्णालये यांवर विणलेली आहेत. तिथे पोहोचणारा रोगी बहुधा चार ठिकाणी चार औषधे खाऊनच पोहोचतो, म्हणून तिथले आकडे गावाचे चित्र दाखवीत नाहीत. तालुक्याच्या गावी लघवीला जळजळ होते म्हणून आलेल्या आजीबाईंना अंदाजानेच औषध मिळते. तपासणीला दोन-तीन दिवस लागतात, पैसे पडतात, आणि आजीबाईंना आजच बरे व्हावयाचे असते. यात डॉक्टरांना दोष देणे सोपे आहे. पण आपल्या गावात कोणते औषध अजून चालते आणि कोणते थकले, हे त्यांना सांगणारे कोण आहे? कपाशीवाल्याला जसा संदेश येतो, तसा त्यांनाही यावयास हवा. त्यासाठी तालुक्यातून नमुने जावयास हवेत, आणि उत्तरही तालुक्याला परत यावयास हवे.

तोवर एक जुन्या पद्धतीची वही तेवढी गावोगाव आहे. १ मार्च २०१४ पासून काही निवडक प्रतिजैविके विकताना औषधविक्रेत्याने डॉक्टरांचे नाव, रोग्याचे नाव आणि दिलेली मात्रा वेगळ्या नोंदवहीत लिहावी व ती वही तीन वर्षे जपावी, असा नियम आहे. गावाने कोणते औषध किती रिचवले, याचा हिशेब त्या वहीतूनच निघेल. पण पानांची बेरीज कोणी मांडली तर. आपले नाव तीत न लिहिताच गोळ्या हातात पडत असतील, तर दुकानदाराला वही काढावयास लावण्यास हरकत नाही.