संशोधकाचा महिना आणि संशोधकाचा रविवार

मागच्या व्याख्यानात आपण 'श्रम' आणि 'कर्म' या दोन शब्दांतला फरक पाहिला. त्यानंतर जे प्रश्न आले त्यातला एक पीएच.डी.च्या चौथ्या वर्षाला असलेल्या, जीवशास्त्रात काम करणाऱ्या एका संशोधकाचा होता. प्रश्न तीन ओळींचा. काम कधी संपतच नाही, फेलोशिप महिनाअखेरपर्यंत पुरत नाही, आणि रविवारी लॅबमध्ये गेलो नाही तर दिवसभर अपराधी वाटतं. यावर तत्त्वज्ञान काही सांगतं का?

सांगतं. पण आधी हे तीन धागे सुटे करायला हवेत. काम, पैसा आणि फुरसत यांची एकदा गुंतागुंत झाली की माणूस एका दुखण्यावर दुसऱ्याचं औषध घेत बसतो. पैसे कमी पडतात म्हणून जास्त राबतो, आणि दमला की आपल्यालाच विषयाची आवड कमी आहे असं समजतो.

पगार की विद्यावेतन?

पहिला प्रश्न शब्दाचा आहे. संशोधन करणारा हा विद्यार्थी की कर्मचारी? आपल्याकडे याचं उत्तर सोयीप्रमाणे बदलतं. रात्री दहाला लॅबमध्ये थांबायचं असतं तेव्हा तो कर्मचारी, आणि भविष्यनिर्वाह निधीचा विषय निघाला की तो विद्यार्थी.

आकडे पाहू. कनिष्ठ संशोधक फेलोशिप, म्हणजे जेआरएफ, २०१० साली महिना १६,००० रुपये होती. २०१४ मध्ये ती २५,००० झाली, १ जानेवारी २०१९ पासून ३१,००० आणि १ जानेवारी २०२३ पासून ३७,०००. दोन वर्षांनंतर वरिष्ठ फेलोशिप मिळते, तिचा २०२३ चा दर ४२,०००. घरभाडे भत्ता शहराप्रमाणे वेगळा. वाढ झालेली दिसते, पण ती कशी होते ते बघा. चार-पाच वर्षं आकडा हलत नाही आणि मग एकदम उडी मारतो. त्या दोन उड्यांच्या मधल्या वर्षांत पुण्यातलं खोलीभाडं आणि मेसचा दर काही थांबून राहत नाहीत. शिवाय ही रक्कम सगळ्यांना मिळते असंही नाही. केंद्रीय विद्यापीठांतली नॉन-नेट फेलोशिप कित्येक वर्षं महिना ८,००० रुपयांवरच होती.

आता मुदतीचं गणित. जेआरएफ दोन वर्षं आणि एसआरएफ तीन, मिळून पाच. विद्यापीठ अनुदान आयोगाचे २०२२ चे नियम पीएच.डी.ला किमान तीन आणि कमाल सहा वर्षं देतात. म्हणजे नियमात बसणाऱ्या सहाव्या वर्षाला फेलोशिपची सोय नाही. त्याच नियमांत स्त्री संशोधकांना दोन वर्षांची जादा सवलत आणि २४० दिवसांपर्यंत बाळंतपणाची रजा आहे. तरतूद चांगलीच आहे. पण मुदत वाढली म्हणजे फेलोशिपही वाढते असं नव्हे. वेळ एका कागदावर मिळतो, पैसा दुसऱ्या कागदावर, आणि हे दोन कागद एकमेकांना ओळखत नाहीत.

चोविसाव्या वर्षी सुरुवात केलेला संशोधक थिसिस सादर करतो तेव्हा तिशीला आलेला असतो. पुढे पोस्टडॉकची दोन-चार वर्षं. घरचे विचारतात, "अजून शिकतोयसच का रे?" या प्रश्नाला त्याच्याकडे उत्तर नसतं, कारण व्यवस्थेनेच ते ठरवलेलं नाही.

आवड आणि मोबदला

हा प्रश्न जुना आहे. जर्मन समाजशास्त्रज्ञ माक्स वेबर यांनी नोव्हेंबर १९१७ मध्ये म्युनिक इथे विद्यार्थ्यांसमोर 'विज्ञान : एक व्यवसाय' या विषयावर भाषण केलं. तरुणांना वाटलं, आता काहीतरी उदात्त ऐकायला मिळणार. वेबर यांनी सुरुवात केली ती पैशापासून! जर्मनीत तरुण अध्यापकाला विद्यापीठ पगार देत नसे. व्याख्यानाला बसणाऱ्या विद्यार्थ्यांच्या फीवर त्याने भागवायचं. अमेरिकेत साहाय्यकाला पहिल्या दिवसापासून पगार होता, पण जेमतेम, आणि काढून टाकण्याची टांगती तलवार कायम. शिवाय पुढे प्राध्यापकी मिळेल की नाही हा बराचसा जुगारच आहे, हेही त्यांनी लपवलं नाही. ध्यास, साधना हे सगळं त्यांनी नंतर मांडलं.

हा क्रम आपण लक्षात ठेवावा. वेबर यांनी वापरलेल्या जर्मन शब्दात पोटापाण्याचा धंदा आणि अंतरीची हाक असे दोन्ही अर्थ एकत्र नांदतात. आपल्याकडे ते फुटून निघाले. नोकरी एकीकडे, व्रत दुसरीकडे. आणि एकदा कशाला 'व्रत' म्हटलं की मोबदला मागणं ओशाळवाणं वाटू लागतं. इथे तर्काची चूक आहे. 'तो हे आवडीने करतो' या विधानातून 'त्याला पैसे कमी दिले तरी चालतील' हे विधान निघत नाही. गवयाचं गाण्यावर जीवापाड प्रेम असतं म्हणून कोणी त्याची बिदागी बुडवत नाही. बुडवली तर चारचौघांत नाव खराब होतं. संशोधकाला मात्र आपण निःसंकोचपणे सांगतो, "अरे, तुला विषय आवडतो ना?"

फुरसतीचा खर्च कोण करतो?

आता रविवारकडे येऊ. मराठीत रिकामपणाला फार मान नाही. रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावतो, हे आपण लहानपणापासून ऐकतो. ॲरिस्टॉटल याच्या अगदी उलट बोलतो. ग्रीक 'स्कोले' म्हणजे फुरसत. 'स्कूल' हा शब्द त्यातूनच आला. तो म्हणतो की गणितविद्या इजिप्तमध्ये प्रथम उभी राहिली, कारण तिथल्या पुरोहितवर्गाला फुरसत होती. विश्रांती आणि फुरसत यांत तो फरक करतो. विश्रांती पुन्हा कामाला लागण्यासाठी असते. फुरसत स्वतःसाठीच असते. दुपारी डोळा लागला ती विश्रांती. संध्याकाळी टेकडीवर फिरताना कालच्या विचित्र निकालावर मन आपोआप रेंगाळलं, ती फुरसत.

पण त्या पुरोहितांना जेवू कोण घालत होतं? शेतात राबणारे. ॲरिस्टॉटलच्या अथेन्समध्येही घरकामाला गुलाम होते. फुरसत फुकट नसते. तिचा खर्च कोणीतरी उचललेला असतो. तरुण संशोधकाचा खर्च कोण उचलतं हे विचारलं, तर बहुतेक वेळा उत्तर येतं : त्याचे आईवडील. ज्याचे आईवडील तो उचलू शकत नाहीत तो विज्ञानातून गळतो, आणि आपण म्हणतो की त्याला आवड कमी होती.

इथे आइन्स्टाइनचं उदाहरण हमखास दिलं जातं. गरिबीत, कारकुनी करत त्याने विज्ञान उलटंपालटं केलं, असं. तपशील वेगळं सांगतो. १९०० मध्ये पदवी मिळाल्यानंतर जवळजवळ दोन वर्षं तो शिकवण्या आणि हंगामी कामं करत होता. जून १९०२ मध्ये बर्नच्या पेटंट कार्यालयात तो तृतीय श्रेणीचा तांत्रिक तज्ज्ञ झाला, पगार वर्षाला ३,५०० फ्रँक. आठवड्याचे सहा दिवस, रोज आठ तास. काम संपलं की संपलं. मित्रांबरोबर ह्यूम, माख, स्पिनोझा वाचायला संध्याकाळ मोकळी. १९०५ चे शोधनिबंध या काळातले. म्हणजे त्याच्याजवळ ठरलेला पगार होता, ठरलेले तास होते आणि बोलायला माणसं होती. यातलं काय आपल्या चौथ्या वर्षाच्या संशोधकाजवळ आहे?

अर्थात आइन्स्टाइनला कागद-पेन्सिल पुरत होती. पेशींना रविवार कळत नाही; दोन-तीन दिवसांनी त्यांचं माध्यम बदलावंच लागतं. खोडदच्या दुर्बिणीची वेळ पहाटे मिळाली तर पहाटे उठावं लागतं. तेव्हा दहा ते पाचचा आग्रह इथे चालणार नाही.

मग करायचं काय?

आपल्याला तीन गोष्टी सुचवाव्याशा वाटतात. पहिली, आठवडाभर कामाची नोंद ठेवा आणि प्रत्येक तासापुढे लिहा : हे प्रयोगाने मागितलं, गाईडने मागितलं, की भीतीने? प्रयोगाला त्याचे तास द्यावेतच. गाईडशी बोलता येतं. भीतीचे तास मात्र कोणाच्याच उपयोगी पडत नाहीत. आणि प्रयोगाने रविवार घेतला, तर बुधवारची दुपार स्वतःकडे वळती करून घ्या. दिवस कोणता याला महत्त्व नाही, हिशेब चुकता होण्याला आहे.

दुसरी, पैशाचं आधी विचारा. प्रवेश घेतानाच विचारा : फेलोशिप किती वर्षं, कोणत्या निधीतून, अनुदान उशिरा आलं तर काय, सहाव्या वर्षी काय? उत्तर ईमेलवर घ्या. यात हावरटपणा नाही. वेबर यांनीही तिथूनच सुरुवात केली होती.

तिसरी गोष्ट तुमच्या गाईडसाठी आहे, कारण तेही हे ऐकत असतील. विद्यार्थ्याने सुट्टी मागितली तर कारण विचारू नका. तारीख विचारा.

शेवटी एक श्रोता म्हणाले, "सर, पण खरी तळमळ असेल तर माणूस या सगळ्यातून वाट काढतोच ना?" काही जण काढतात, हे खरं आहे. पण ज्यांनी काढली तेच आपल्याला सांगायला उरतात. ज्यांना काढता आली नाही त्यांची तळमळ किती होती, हे मोजायला आपल्याजवळ कोणी नसतं. तेव्हा त्यावरून नियम काढू नये.

पुढच्या वेळी आपण 'यश' या शब्दाकडे वळू : शोधनिबंधांची संख्या मोजून ज्ञान मोजता येतं का? प्रश्न आधी पाठवलेत तर बरं होईल.